तिसरा शेरा

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

पकडला गेलो! मी!

मेन रोड एकेरी, त्यात उलट्या बाजूने शिरलो. चांगुणाची चप्पल शिवायला टाकली होती, ती आणायची होती. दुकान वीस पावलांवर, एवढ्यासाठी लांबचा वळसा कोण घालतो? हवालदार नवा, नुकताच बदलून आलेला. शिट्टी मारली. मी हसून म्हटलं, अहो, मी कोर्टातला. तो म्हणाला, "मग तुम्हाला कायदा ठाऊकच असेल. लायसन काढा."

आणि माझ्या तोंडून ते निघालंच — मी कोण आहे माहीत आहे का!

चार लोक जमले. लायसन गेलं, हातात पावती आली. सहा वर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर, चार महिन्यांचं कोरं करकरीत लायसन! घरी आल्यावर बायकोने पहिलं काय विचारलं? "चप्पल कुठाय?"

६ फेब्रुवारी

हवालदाराचा राग जात नाही. त्याने काहीही चूक केलेली नाही, म्हणून जास्तच.

८ फेब्रुवारी, गुरुवार

खटला दोन मार्चला. आमच्याच कोर्टात. म्हणजे माझ्याच टेबलावर!

गाड्यांचे खटले माझ्याकडे. साहेब दंड सांगतात आणि लायसनच्या पुस्तकात शेरा मी लिहितो. लाल शाई, तारीख, गुन्हा, दंड, खाली साहेबांची सही. नऊ वर्षं लिहितोय. साहेब बदलले, टेबल बदललं नाही. अक्षरच तसं आहे. एक शेरा, दोन शेरे चालतात. तिसरा झाला की साहेब पुस्तकच ठेवून घेतात, सहा महिने गाडी बंद. ड्रायव्हर लोक काकुळतीला येतात — "साहेब, बारीक अक्षरात लिवा ना." "साहेब, निळ्या शाईत नाय का चालणार?" मी वर न बघता म्हणतो, नाही चालणार. आता स्वतःच्याच पुस्तकावर स्वतःच्या हाताने लिहायचं!

शेजारच्या टेबलावरच्या निसारभाईंनी चहा पिताना विषय काढला. "जयराम, फिकर कशाला करतो? दंड भरून टाक. तुझं पुस्तक मी गठ्ठ्यात खाली सरकवतो. शेरा राहून गेला. कौन देखता है?"

मी हो म्हणालो. विचारसुद्धा केला नाही, लगेच हो म्हणालो.

१२ फेब्रुवारी

स्कूटरच्या विम्याचा एजंट घरी येऊन गेला. फॉर्ममध्ये एक रकाना — गाडी चालवणाऱ्यास पूर्वी शिक्षा झाली आहे काय? मी "नाही" लिहिलं. अजून झालेली नाही, तेव्हा खोटं नाही. वकिलांच्या संगतीचा गुण!

चांगुणा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहिताना करता का हो कधी एवढा विचार?" तिला निसारभाईंचं बोलणं सांगायलाच नको होतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

जिवाला चैन नाही. उलट्या बाजूने जाण्याला किती दंड होतो हे मला तोंडपाठ आहे, तरी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढून बसलो.

२१ फेब्रुवारी १९७८. एकाखाली एक दोन नावं.

गोटीराम बहिरू गावित, राहणार बोरगाव. जीपचा मागचा दिवा बंद.

गोटीराम बहिरू गावित, राहणार उंबरठाण. जीपमध्ये एकोणीस माणसं.

दोघंही सुरगाण्याकडचे, दोघंही जीपवाले, बापाचं नावसुद्धा एक! बोरगावचा मला आठवतो. काळा, काटकुळा, टोपी हातात चुरगाळत उभा. साहेबांनी पुस्तक ठेवून घेतलं तेव्हा माझ्या टेबलाशी आला होता. "साहेब, दिव्याचं कबूल हाय. पर ते एकोणीस मानसांचं माझं नाय. दोनच शेरे झाले माझे." मी म्हणालो होतो, मोजता येतं का? सगळे असंच म्हणतात.

निसारभाई हसले होते. मीही.

१५ फेब्रुवारी

ठेवून घेतलेल्या पुस्तकांचं कपाट उघडलं. बोरगावच्याचं पुस्तक तिथेच आहे. कुणी न्यायला आलेलंच नाही. आत तीन लाल ओळी. पहिली जुनी. दुसरी दिव्याची. तिसरी एकोणीस माणसांची — तारीख तीच, अक्षर माझं, वेलांट्या अगदी झोकदार.

दोन्ही पुस्तकं एकाच गठ्ठ्यात होती. नाव वाचलं, गाव वाचलं नाही. दोन्ही शेरे मी एकाच पुस्तकात मारले! साहेबांपुढे तीन ओळी गेल्या, त्यांनी सही केली. उंबरठाणच्याला त्याचं पुस्तक कोरंच परत मिळालं. तो कशाला बोलतोय!

सहा महिन्यांची मुदत ऑगस्टमध्येच संपली. आपलं पुस्तक परत मिळतं हे या माणसाला कुणी सांगितलं नसणार. सांगायचं काम माझं होतं.

१६ फेब्रुवारी

कुणाला बोललो नाही. एप्रिलमध्ये वरिष्ठ लिपिकाची यादी लागणार आहे. नऊ वर्षांत एक चूक नाही असं साहेबांनी माझ्याबद्दल लिहून दिलंय.

दिवसभर वडील आठवत राहिले. तलाठ्याने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला आणि शेताची बांधाकडची पट्टी गेली. कागदात काय होतं ते मी मोठा होऊन वाचलं, तोवर ते नव्हते. मला शाळेत घालताना म्हणाले होते, तू लिहिणारा हो. झालो!

१८ फेब्रुवारी, रविवार

सुरगाण्याच्या जीपा उभ्या राहतात तिथे चौकशी केली. एकजण म्हणाला, "त्यो? त्यानं जीप कवाच सोडली. दिंडोरीला बागेत असतोय." पावतीवर स्कूटर चालवायला हरकत नाही. निघालो. पुस्तक खिशात.

द्राक्षाच्या बागेत पाठीवर औषधाचा पंप घेऊन फवारत होता. मला बघून पंपासकट उभाच राहिला. बायको, सरुबाई, पलीकडच्या ओळीत. तिने पदर खोचला, पण पुढे आली नाही.

मी विचारलं, पुस्तक न्यायला का नाही आलास?

"आता काय करू पुस्तक घेऊन, साहेब? तवा मी म्हनलो, माझं नाय. मंग घरी जाऊन इचार केला. पंधरा-सोळा तर रोजच बसायची. येखाद्या टायमाला एकोणीस झाली आसतील. मानूस इसरतो. तुमी लिवलेलं खोटं कसं आसंल?"

आणि मग हेही सांगितलं, की त्यानंतर जीपमध्ये बसलं की मागे एकोणीस जीव बसलेत असं वाटायचं. मालकाच्या वाडीतल्या वाडीत चालवतानासुद्धा वळून वळून मागे बघायचा. म्हणून सोडली ती कायमची.

"ही म्हनती, न्हवतीच एकोणीस. पर बायकूचं कोर्टात कोन ऐकतं?" असं म्हणून हसला.

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. म्हणालो, मुदत संपली, आता चालवू शकतोस. बस्स. एवढंच! पुढचं वाक्य जिभेवर होतं, ते गिळलं. तो माझ्या पाया पडला. सरुबाईने टोपलीभर द्राक्षं स्कूटरला बांधून दिली. तिने माझ्याकडे पाहिलं ते मात्र पाया पडल्यासारखं नव्हतं.

२० फेब्रुवारी

द्राक्षं घरात आहेत. मुलं खातायत. मी एकही तोंडात घातलेलं नाही. चांगुणाने विचारलं, आंबट आहेत का? तेव्हा सगळं सांगितलं.  ती उरलेली द्राक्षं शेजारी देऊन आली. तिने भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी

निसारभाईंनाही सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "पुस्तक परत दिलंस ना? बात खतम. सहा महिने त्याचे गेले ते गेले. तू आपली नोकरी कशाला घालवतोस?"

सहा कुठले, वर्ष झालं. पण बोलणं पटावं असं फार वाटतंय.

२६ फेब्रुवारी, सोमवार

गोटीराम कोर्टात आला! अंगात धुतलेला सदरा. माझ्या टेबलाशी, त्याच जागी, तसाच टोपी चुरगाळत.

जुना जीपमालक घ्यायला तयार आहे. पण विम्याच्या फॉर्ममध्ये ड्रायव्हरच्या शिक्षा लिहाव्या लागतात. विमेवाला म्हणाला, तीन शेरेवाला ड्रायव्हर असेल तर हप्ता वाढेल, नाहीतर दुसरा माणूस बघा. तोच रकाना! मी झोकात "नाही" लिहिलं तोच.

"साहेब, येक इनंती हाय. चौथी वळ लिवता का? गोटीराम आता चांगला चालवतो, आसं. तुमचं आक्षार सुबक हाय, विमेवाला मानंल."

मी म्हटलं, शुक्रवारनंतर ये. सोमवारी ये. सरुबाईलाही आण. तिला कशाला, असं त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नसतं.

२८ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. नऊ वर्षांत माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

१ मार्च

निसारभाईंना सांगितलं, माझं पुस्तक गठ्ठ्यात वरच ठेवा. ते म्हणाले, "पागल आहेस." मग थोड्या वेळाने स्वतःहून चहा मागवला, माझाही.

२ मार्च, शुक्रवार

नाव पुकारलं. टेबलावरून उठलो आणि चार पावलं चालून आरोपीच्या जागी उभा राहिलो. मागे ड्रायव्हर लोक बसलेले, सगळे ओळखीचे. खसखस पिकली. पिकणारच! साहेबांनीही चष्मा वर केला. गुन्हा कबूल आहे का? आहे. दंड सांगितला.

परत टेबलाशी आलो, माझं पुस्तक उघडलं आणि लाल शाईने शेरा लिहिला. नाव वाचलं. गाव वाचलं. पुन्हा एकदा नाव वाचलं, आपलंच! सहीला पुस्तक पुढे केलं आणि त्याच्याखाली अर्ज ठेवला, दोन गोटीरामांचा, रजिस्टरच्या पानाच्या नकलेसकट.

साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. "हे तुम्ही स्वतः शोधलंत?" मी म्हटलं, हो. "किती दिवस झाले?" सोळा, मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, आजच सापडलं म्हणून. साहेब म्हणाले, बाहेर थांबा.

दुपारभर बाकावर बसून राहिलो, ड्रायव्हर लोकांच्या रांगेत. एकाने सरकून जागा दिली.

५ मार्च, सोमवार

टेबल निसारभाईंकडे गेलं. चौकशी लागली. उंबरठाणच्याला समन्स. बोरगावच्या गोटीरामकडून पुस्तक मागवून तिसरा शेरा साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला, बाजूला सही केली.

गोटीराम आणि सरुबाई आली होती. दोघांना कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवून सगळं सांगितलं. एकोणीस माणसं दुसऱ्याची. चूक माझी. दिंडोरीलाच सांगायला हवं होतं, जीभ वळली नाही. शिव्या देईल म्हणून खाली बघत होतो.

तो खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे... मी न्हवतो?"

नाही.

"मी न्हवतोच?"

तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं. मग तो बायकोकडे वळला, आणि वर्षभर जी हेच सांगत होती तिलाच रडत रडत सांगायला लागला, "आगं, मी न्हवतो!"