कुणालाही जमेल असं पुस्तक

सोम. ३ नोव्हें.
सकाळपासून छातीत धडधड. गोळी घेतली, फरक नाही. लेक सविता माळवदावरच्या खोलीत कामाला बसली आहे. पुण्याच्या कंपनीचं काम, घरूनच करते. कंप्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, बटण दाबायचं, की मशीन एकामागून एक कामं पायरीपायरीनं उरकतं. हे करणारा प्रोग्राम, तिच्या भाषेत अवजार, हीच सांभाळते. आता त्यात सुधारणा चालली आहे. हुकूम बदलले, म्हणून माहितीपुस्तकही नव्यानं लिहायचं. इंग्रजीत, शिवाय मराठीत. म्हटलं, मराठीत कशाला? म्हणाली, "नवी पोरं घ्यायलेत, अण्णा. त्यांना शिकायला."
नवी पोरं हिच्या जागी बसवायलाच घेतात, ते हिला कळत कसं नाही.

बुध. ५
पोरानं, भागवतनं, जेवताना विषय काढलाच. सख्खी बहीण समोर बसलेली. "नोकरी हाय तवर मी गप हाय. नोकरी गेली की कडा गावाला, नवऱ्याच्या घरी. लोक मला इचारतेत." सविता भाकरी मोडत राहिली. म्हातारपणी पोराच्या घरात तोंड उघडायला जीव लागतो. ज्या घरात तिचा हात मोडला त्या घरी परत... पुढं लिहवत नाही.

शुक्र. ७
सविताला विचारलं, पुस्तकात किती लिहितेस? "समदं."
म्हटलं, एखादी पायरी हातची राखून ठेव. मी गुऱ्हाळावर गुळव्या होतो, गूळ शिजवणारा. रसाची मोठी कढई, काहील, उतरवायची वेळ आली की माणसांना पाणी आणायला धाडायचो. पाक कधी तयार झाला ते कुणाला बघू दिलं नाही. म्हणून मालक दर हंगामाला घरी येऊन बोलवायचा.
हसली. "मग आता कोण येतंय बोलवायला?"
कुणी नाही. कारखाना आला, गुऱ्हाळं मोडली. पण तेवढी वर्षं तर निघाली.

रवि. ९
"ज्याला कायबी येत न्हाई असा माणूस पायजे, अण्णा. पुस्तक वाचून बघायला. घरात तुमीच हाव."
चष्मा लावून बसलो. सातवी नापास, पण इंग्रजी अक्षरं ओळखतो. पहिला हुकूम एका बोटानं लिहिला. पडद्यावर तांबडी अक्षरं. चुकलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ती म्हणाली, "तुमची चूक न्हाई. मधी जागा सोडायची ते मीच लिहिलं न्हाई." लगेच लिहून टाकलं.

मंगळ. ११
रात्रभर विचार. मला जमेपर्यंत पुस्तक पुरं व्हायचं नाही. पुस्तक पुरं होत नाही तोवर कंपनीला सविता लागणार.
म्हणून अडत राहायचं.
आज येत असूनही अडलो. फोल्डर म्हणजे काय, विचारलं. हे बटण कुठलं, विचारलं. ती चिडली नाही. दर वेळी पुस्तकात दोन ओळी घातल्या. काम लांबतंय बघून लई दिवसांनी पोटभर जेवलो.

शुक्र. १४
पूर्वी एका हुकुमात काम व्हायचं, आता दोन आहेत. आधी तपासणीचा, मग काम चालवायचा. मी मुद्दाम दुसरा आधी लिहिला. मशीन अडकलं. मनात म्हटलं, आता हिला लागेल महिनाभर.
दुपारी सवितानं वरूनच हाक मारली. गेलो. तोच चुकीचा हुकूम पुन्हा लिहायला लावला. तोवर तिनं प्रोग्राम सुधारला होता; या वेळी मशीननंच सांगितलं, आधी तपासणी करा, आणि काय लिहायचं तेही दाखवलं.
"बरं झालं तुमी चुकलात. आता कुणीबी येऊ द्या."
कुणीबी. मी हे काय करून बसलो.

रवि. १६
सविता बाजाराला गेलेली. वर जाऊन एकटाच बसलो. पुस्तक पहिल्यापासून वाचत गेलो, तसं तसं करत गेलो. कुठं तरी अडावं असं मनापासून वाटत होतं. अडलो नाही. शेवटी हिरवी अक्षरं. काम पूर्ण.
मला जमलं म्हणजे न जमणारं राहिलं कोण?

बुध. १९
कंपनीच्या साहेबाचा फोन. तिनं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पुस्तक झकास झालंय म्हणे. नवी पोरं कुणाला काही न विचारता कामाला लागली. सवितानं शिरा केला. भागवत म्हणाला, "नाव काढलं बघ."
संध्याकाळी राहवलं नाही. तिला सांगितलं, मला येत होतं, मी मुद्दाम अडत होतो.
"माहीत हाय."
"मग कावून लिहीत बसलीस?"
"तुमी खोटं अडलात, तिथं दुसरं कुणी खरं अडलं असतं." मग म्हणाली, "अर्धवट ठेवायला मला जमत न्हाई, अण्णा."
कुणावर गेली ही? माझ्यावर तर नाही.

शुक्र. २१
कंपनीचा मेल आला. सोमवारी मीटिंग. कामाची नव्यानं वाटणी. चांगलं असेल का वाईट, विचारलं. माहीत नाही म्हणाली. भागवतला सांगू नका म्हणाली. तेवढं मला जमेल.

सोम. २४
दुपारी मीटिंग सुरू झाली. मी जिन्यात बसून लिहितो आहे. बराच वेळ तिचा आवाज येत होता. हो सर. हो सर, समजलं. मग मीटिंग संपली. काय ठरलं ते विचारायला मी वर गेलो नाही.
भागवत शेतातून आला. पायरीशी उभा राहून त्यानं विचारलं, "सविता आज खाली कावून आली न्हाई अजून?"
म्हटलं, काम चालू आहे तिचं.