पोस्टातली आई

चोचिवॉन, २० मार्च १९९१

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचे कळव.

नवे वर्ग सुरू झाले. बोराम दुसरीत गेली. घरची माहिती विचारणारा शाळेचा कागद दरवर्षीसारखा आला. वडिलांच्या रकान्यात मी 'हयात नाहीत' असे लिहिले आणि आईच्या व्यवसायापाशी थांबलो. शिक्के कोरताना एक रेघ चुकली तर अख्खा शिक्का फुकट जातो, म्हणून आधी मनाशी लिहून बघायची मला सवय लागली आहे. मी हात धुऊन येईपर्यंत बोरामने रकाना भरून टाकला होता : 'चोंगजूच्या पोस्टात नोकरी'.

हे मी तिला शिकवलेले नाही. दीड वर्षापूर्वी तुला नेले तेव्हा आई कामाला गेली, एवढेच म्हणालो होतो. पण तुझ्या पाकिटांवर तुरुंगाचे नाव नसते, फक्त चोंगजू पोस्ट आणि टपालपेटीचा क्रमांक. वाचता येऊ लागल्यावर तिने आपला अर्थ लावला. वर्गात ती पाकिटे दाखवते, हे ठसे माझ्या आईने मारलेत म्हणून सांगते. शेजारच्या तांदळाच्या वड्या विकणाऱ्या मावशी तिला म्हणतात, आम्हालाही चिकटव की गं पोस्टात.

मी ते खोडले नाही. खाली सहीऐवजी माझा शिक्का उमटवला, आणि तेव्हापासून ते डाचते आहे. तिला खरे सांगून एकदा भेटीला आणू का? तू म्हणशील तसे करीन.

शिक्क्यांच्या दुकानातल्या प्यो काकांनी नमस्कार सांगितला आहे. तुझा लोभ आहेच, पण पत्र लवकर आले तर बरे वाटेल.
तुझा,
दोक-सू

चोंगजू, २ एप्रिल १९९१

चि. दोक-सू,
अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे. कागदाचे मनाला लावून घेऊ नकोस. एक अक्षर वाकडे आले की पान फाडणारा मुलगा तू. शाळा काही पोस्टात चौकशीला जाणार नाही.

बोरामला आणू नकोस. इथे मधे काच आहे, दहा मिनिटे आहेत आणि माझ्या छातीवर क्रमांक आहे. उद्या घरी येऊन मी तिला भात वाढीन तेव्हाही तिला तो क्रमांकच दिसेल. एक वर्ष उरले आहे. सायकलवरच्या म्हाताऱ्याला धक्का देऊन आई भाजीचा टेम्पो तसाच पुढे घेऊन गेली आणि तो रस्त्यातच गेला, हे तिला एवढ्यात कळायला नको. त्यापेक्षा पोस्टातली आई बरी. तरीही आणलीस तर मी बाहेर येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वेळेवर जेवत जा. तुमची आठवण काढायला मला वेळच वेळ आहे.
आई

चोचिवॉन, ९ मे १९९१

ती. आईस,
शि. सा. न. काल तू खरोखरच बाहेर आली नाहीस. आम्ही का आलो ते तुला कोणी सांगितले नसेल, म्हणून क्रमाने लिहितो.

काल आईवडिलांना फूल लावायचा दिवस. बोरामने वर्गात लाल कागदाचे फूल केले, बाराला शाळा सुटल्यावर घरी न येता बस धरली आणि एकटीच चोंगजूला गेली. दोनच्या सुमारास दुकानात फोन आला. पोस्टातल्या एक बाई होत्या. मुलगी खिडकीशी पाकीट धरून उभी आहे आणि माझी आई कुठल्या टेबलावर बसते विचारते आहे, असे म्हणाल्या. तो क्रमांक कुठला ते त्यांना ठाऊक होते. पण तिला काही न सांगता त्यांनी बाकावर बसवले, गोड पाव दिला.

मी पोहोचलो तेव्हा ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईचे तोंड निरखत होती. आई, तिला तुझा चेहरा नीट आठवत नाही. तू समोरून निघून जाशील आणि आपल्याला कळणारही नाही, या भीतीने ती पापणीसुद्धा लवू देत नव्हती.

त्याच बाकावर मी तिला सगळे सांगितले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "म्हणजे इथे कुणीच नाही?"

मग तुझे न ऐकता तिला तिकडे घेऊन आलो. शिपाई परत येऊन म्हणाला, भेट नको म्हणतात. बोराम चार वाजेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. बसमध्ये तिने विचारले, आईला मी आवडत नाही का. मी उत्तर दिले, पण माझ्यावर आता तिचा विश्वास नाही, आणि तो का असावा? आज ती शाळेत गेली नाही. मी सांगून भागणार नाही. तूच लिही.
दोक-सू

चोंगजू, १८ मे १९९१

चि. बोराम,
खूप खूप आशीर्वाद. त्या दिवशी मी दारापर्यंत आले होते. फटीतून तुझे पाय दिसले. एक मोजा खाली घसरला होता. मला पुढे येववले नाही. तू आवडत नाहीस म्हणून नव्हे, तुझ्यापुढे उभे राहायची लाज वाटली म्हणून. मोठी माणसेही घाबरतात आणि पळतात. मी दोनदा पळाले. एकदा रस्त्यावर, एकदा त्या दारातून.

एक जूनला शनिवार आहे. दादाबरोबर ये. मी येईन. हवे ते विचार, खरे तेच सांगेन.
तुझी आई

चोचिवॉन, ३ जून १९९१

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. परवा सुखरूप पोहोचलो. तू बारीक झाली आहेस.

दहा मिनिटांत बोराम एकच गोष्ट विचारील असे मला वाटले नव्हते. "तू मागे बघितलंस?" तू म्हणालीस, "आरशात बघितलं. त्यांचा हात हलत होता." हे मीही पहिल्यांदाच ऐकले. मग वेळ संपली. त्या उत्तरासाठी मी तुझ्यावर रागावलो आहे. तरीही तू खोटे बोलली नाहीस, हे बरे झाले.

 परतताना बसमध्ये तिने विचारले, त्या आजोबांच्या घरी कोण कोण आहे. कोर्टात मागच्या रांगेत एक बाई दोन मुलांना घेऊन बसायची, धाकटा बोरामएवढाच, असे मी सांगितले. त्याचे नाव काय, म्हणाली. मला माहीत नव्हते. निकालाच्या कागदात आजोबांचे नाव आहे, गाव आहे, सायकलचा रंगसुद्धा आहे. मुलांची नावे कुठेच नाहीत. "मग जाऊन विचारू," ती म्हणाली.

रविवारी आम्ही त्या गावाला जातो आहोत. काय बोलायचे ते तीनदा लिहिले आणि तिन्ही कागद फाडले. ते दार उघडतील असे वाटत नाही. तुला विचारत नाही, फक्त कळवतो आहे.

परत आल्यावर सविस्तर लिहीन. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
दोक-सू