तळ्यासमोरचं घर

ऐक,

आई चारच्या गाडीने येतायत, स्टेशनवर वेळेवर जा. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत लावलाय. भिंतीला ओल आहे, म्हणून उशी दुसऱ्या बाजूला ठेवलीय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून वाढ.

तू आंघोळीला गेलास तेव्हा त्यांचा फोन आला होता. गॅलरीत बसून तळ्यातली बदकं बघणार म्हणाल्या. दर रविवारी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत तू त्यांना फोनवर जे तळं ऐकवतोस, ते त्यांना तोंडपाठ झालंय. आपल्या घरातून तळं फक्त बाथरूमच्या खिडकीतून दिसतं, तेही स्टुलावर चढल्यावर चमच्याएवढं, हे माझ्या तोंडून निघेना. ते तूच सांग.

मी आज घर सोडतेय हेही तू त्यांना सांगितलेलं नाहीस. माझ्यासाठी स्वेटर विणून आणतायत. त्याचं काय करायचं ते तू बघ.

मी ताईकडे चाललेय. भाड्याच्या करारातून माझं नाव काढायला घरमालकांना सांगितलंय. माझी किल्ली फ्रिजवर आहे.

आणि बाथरूममधलं स्टूल शोधत बसू नकोस. ते माझं होतं, मी नेलंय.