चौथी खुर्ची

७ जानेवारी, मंगळवार

आज सगळ्यांसमोर इज्जत गेली. कागदावर उतरवून टाकतो, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

कोपरला सुदेशदादाच्या स्टुडिओत माझं पहिलं रेकॉर्डिंग होतं. आतापर्यंत मी तिथे वायरी गुंडाळायचो, दुसऱ्यांच्या गाण्यात कीबोर्ड दाबायचो. हे पहिलंच काम असं की सगळी मांडणी माझी. दोनशे वर्षं जुनी कुठली तरी जर्मन सिंफनी, तिच्यातला संथ भाग. ठाण्याच्या अक्षदा मॅडमना त्यांच्या नृत्यनाट्यासाठी हवाय. शो दोन फेब्रुवारीला. शंभर माणसं वाजवतायत असं वाटलं पाहिजे म्हणे, आणि बजेटमध्ये बसतात चार व्हायोलिनं! बाकी सगळं मी कीबोर्डवर करायचं. चार जणांकडून तेच तेच परत परत वाजवून घ्यायचं आणि एकावर एक थर चढवायचे. मग गर्दी तयार होते.

स्टुडिओखाली पिठाची गिरणी आहे. ती दुपारी बंद झाली की मगच माइक लावायचे, नाहीतर भिंतच घूं घूं करते. गिरणी बंद झाली. चौघं बसले. मी ट्रॅक सोडला, त्यांनी कागद बघून वाजवायला घेतलं — आणि एका गल्लीत दोन वरातींचे बँड समोरासमोर यावेत तसं झालं.

चूक माझी. मी कीबोर्ड शिकलो जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत. मला एकच पट्टी येते, पांढरी एक. गाणारा बोलला वर पाहिजे, की ट्रान्सपोजचं बटण दाबायचं, बोटं तिथेच. या वेळी पण बटण दाबलेलं होतं. म्हणजे ट्रॅक वरच्या पट्टीत आणि छापलेले कागद खालच्या! मला ते नोटेशन वाचता येत नाही. नववी नापास माणूस मी. कॉम्प्युटरने छापलं, मी वाटलं.

स्वप्नाने — ती मुख्य व्हायोलिन, डोंबिवलीत क्लास घेते — कागद उजेडात धरला. "हे काय आहे? मुंग्या चालल्यात नुसत्या." माझा हात जिथे जिथे पुढेमागे झालेला, ते सगळं कॉम्प्युटरने जसंच्या तसं लिहिलेलं. चौथा व्हायोलिनवाला पेटी उचलून निघूनच गेला.

सुदेशदादा लोकांसमोर काही बोलला नाही. नंतर बोलला, "पुढच्या मंगळवारी परत लावू. तेव्हा पण हाच तमाशा झाला तर मी दुसऱ्याला बसवणार."

८ जानेवारी

दौलतकाकांना सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? कोपरीत त्यांच्याच आतल्या खोलीत राहतो मी. काका पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे, मागच्या रांगेत. आता व्हायोलिन कपाटावर असतं, चादरीत गुंडाळलेलं.

आधी पोटभर हसले. "तू बटण दाबून कीबोर्डला सांगितलंस. कागदाला कोण सांगणार?" मग चष्मा लावला आणि बोलले, ट्रॅक ऐकव.

११ जानेवारी

काका तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चौघांचे कागद हाताने लिहितायत. कलावतीकाकी भाजी खाली बसून चिरते. काकांचा हात थरथरतो हे मला माहीत होतं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. पण आज बघितलं तर कागदावरचा एकेक ठिपका हललेला.

कीबोर्डबद्दल बोलले, "सूर बरोबर आहेत. पण हे श्वास घेत नाही रे. बाजूच्या खोलीत फ्रिज चालू असल्यासारखं वाटतं."

राग आला. बाहेर पडलो, स्टेशनपर्यंत चालत गेलो, परत आलो. माझं असंच आहे. कुठेच मन लागत नाही. दर दोन महिन्यांनी वाटतं बॅग भरावी. पुण्याला एक डीजे बोलवतोय, तिकडे जावं का? आल्यावर बघतो तर काका अजून लिहीतच होते.

१२ जानेवारी

चौथा मिळत नाही. मी काकांना बोललो, तुम्हीच चला ना. ते नको बोलले. हात बघतोस ना माझा, बोलले. मी ऐकलंच नाही. "काका, माझं पहिलं काम आहे. तुम्ही बाजूला असाल तर मला धीर येईल."

काकी पोळी लाटायची थांबली.

काका बोलले, "तुला धीर येत असेल तर येतो."

स्टुलावर चढून व्हायोलिन मीच खाली काढलं.

१४ जानेवारी, मंगळवार

कागद चालले! पट्टी जुळली. स्वप्नाने विचारलं, कोणाचं अक्षर आहे? "थरथरतंय, पण चूक एक नाही." काका खाली बघून हसले.

आणि मग पहिला थर घेतला.

हेडफोनमध्ये तीन सूर सरळ येतात. चौथा — ट्यूबलाइट लागताना कशी फडफडते, तसा. जलद असतं तर लपलं असतं. पण हा भाग सगळा संथ, एकेक सूर लांबच्या लांब धरायचा. तिथे लपायला जागाच नाही. घेतलेलं सगळ्यांना ऐकवायची पद्धत आहे, म्हणून खोलीत मोठ्याने लावलं. फडफड सगळ्यांनी ऐकली. काका मान खाली घालून फडक्याने व्हायोलिन पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते.

सुदेशदादाने मला जिन्यात घेतलं. "कोणी आणलंय यांना?"

मी बोललो, मी.

"मग तूच सांग. पुढच्या वेळी नको."

येताना लोकलमध्ये काका खिडकीला. पेटी मांडीवर. विचारलं, "बरं झालं का रे?"

मी बोललो, मस्त झालं काका.

१५ जानेवारी

सांगितलं नाही.

१६ जानेवारी

आज सांगणारच होतो. काकांनी सकाळी चहा स्वतः करून दिला. नाही सांगितलं.

१७ जानेवारी

एक मार्ग काढलाय. मार्ग कसला — पळवाट. प्रत्येकाला वेगळा माइक असतो. काकांचा पहिल्यापासून म्यूट करून टाकायचा, म्हणजे रेकॉर्ड होत राहील, पण वाजणार नाही. मला पण ऐकू येणार नाही, कोणालाच नाही. ते वाजवतील, घरी येतील, खूश राहतील. त्यांच्या जागी मी कीबोर्डवरचं व्हायोलिन भरीन.

सुदेशदादा बोलला, "मग बसवतोस कशाला? फोटो काढायला?" तो पण माणूस वाईट नाही. शेवटी बोलला, "तुझे काका, तुझं तू बघ. फायनलमध्ये तो थरथरता हात ऐकू आला तर मात्र तू घरी."

२१ जानेवारी, मंगळवार

गिरणीला सुट्टी होती, दिवसभर थर चढवले. काकांचा माइक म्यूट. काचेतून बघत होतो. चौघांचे हात एकदम वर, एकदम खाली. काचेतून बघितलं तर काकांचाच हात सगळ्यात देखणा! काय सहज फिरतो. आणि त्यातलं काही माझ्या कानात येत नाही. मीच बंद केलंय. बघवेना, म्हणून स्क्रीनकडे बघत राहिलो.

प्रत्येक थराला खुर्च्या बदलायच्या असतात, नाहीतर गर्दी एकाच कोपऱ्यात उभी आहे असं वाटतं. काका उठलेच नाहीत. गुडघे दुखतात, मला कोपराच बरा, बोलले. मला सोयीचंच झालं. कुठला माइक बंद ठेवायचा ते लक्षात ठेवायला नको. हे मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

चहाच्या वेळी स्वप्नाला हळूच विचारलं, शेजारी बसून तुला त्रास होतो का त्यांचा? ती माझ्याकडे बघत राहिली. मग बोलली, "काकांचा कोणालाच त्रास नाही रे." चांगली आहे ती. मन राखते.

२३ जानेवारी

काकी कपडे धूत होती. बोलली, पूर्वी हे रेकॉर्डिंगवरून आले की शर्टावर, पँटीवर पांढरी पूड असायची. बोला, म्हणजे तारांवर फिरवायच्या गजाला, राळ घासतात ना, वाजवताना ती उडते. ब्रशने घासून काढावी लागायची. "आता बघ, नेला तसा शर्ट परत. नवीन राळ चांगली निघाली वाटतं."

असेल, मी बोललो.

आणि सांगते, आजकाल गोळ्या आठवण न करता घेतात. अंघोळ करताना गुणगुणतात. "तू घेऊन गेलास म्हणून बरं झालं बाळा."

जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

आईचा फोन गावाकडून. शेजारच्या बाईला अभिमानाने सांगितलं पोरगा ऑर्केस्ट्रात हाय, तर ती बाई हसली. "नाचायच्या गाण्याचं काम हाय का रे ते?" तसलं नाही गं, लोक बसून बघतात-ऐकतात. "मग गातंय कोण?" कोणीच गात नाही. "बरं. जेवत जा." एवढ्या लांबून तिला काय समजावू? काकांचं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२७ जानेवारी

काकांच्या जागी खोटं व्हायोलिन भरलं. फार साफ वाटायला लागलं म्हणून कुठे कुठे मुद्दाम अर्धा क्षण उशीर केला. काका म्हातारे आहेत, हे कॉम्प्युटरला शिकवत बसलो होतो मी!

अक्षदा मॅडमनी ऐकलं. छान आहे बोलल्या. मग बोलल्या, "पण थोडं प्लास्टिक वाटतं. खरी माणसं आहेत ना यात?"

सुदेशदादा बोलतो गुंज वाढव, म्हणजे आवाज हॉलमध्ये घुमल्यासारखा वाटेल. वाढवली. आता मोठ्या हॉलमधला फ्रिज वाटतो.

२८ जानेवारी

कमी केलं, जास्त केलं, परत कमी केलं. काय कमी आहे तेच कळत नाही. आणि विचारायचं कोणाला? ज्यांना विचारायचं त्यांनाच तर बंद करून ठेवलंय.

२९ जानेवारी

काका बोलले, ऐकव बघू. कीबोर्ड बंद करून, नुसती व्हायोलिनं.

नुसती व्हायोलिनं म्हणजे चोरी पकडली जाणार, वाटलं. पण खोटं व्हायोलिन मी व्हायोलिनांतच ठेवलेलं, त्यामुळे तसं ऐकवता आलं. टेबलावर लॅपटॉप, काकांच्या कानावर हेडफोन. डोळे मिटून ऐकलं. उजव्या हाताचं बोट हवेत हलत होतं. शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढले नाहीत, तसेच बसून विचारलं —

"चौथ्या खुर्चीवर कोण आहे?"

मी बोललो, "तुम्हीच की काका."

माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं! मग हेडफोन काढून नीट घडी करून ठेवले.

"चांगला वाजवतो," बोलले. "तरुण वाटतो."

आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले.

कळलंय त्यांना. सगळं कळलंय. मी त्यांना खुर्चीवर बसवून खुर्ची रिकामी केली, हे त्यांनी ऐकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

व्हायोलिन परत कपाटावर गेलं. चादरीत. काकीला बोलले, काम संपलं.

मी पण बॅग काढलीय. उद्या फायनल पाठवतो, मग समोर बसून सगळं सांगतो आणि खोली सोडतो. पुण्याचा डीजे अजून बोलवतोय. हे घर माझ्यासारख्याचं नाही.

३१ जानेवारी

सुदेशदादा बोलला, पाठवायच्या आधी नको ते ट्रॅक उडव, डिस्क भरलीय. काकांचे उडवायला घेतले. हात चालेना. बोललो, एकदा तरी ऐकू, नुसतं त्यांचंच.

त्यांच्या माइकमध्ये लांबून स्वप्ना आणि बाकीचे दोघं ऐकू येतात. जवळून व्हायोलिन नाहीच. एकवीस तारखेचा एकेक थर ऐकला. बाहीचा आवाज, खुर्चीची करकर, आणि काकांचा श्वास. दर ओळीच्या आधी घेतलेला, ओळ संपताना सोडलेला, सगळ्यांबरोबर. बो तारेला टेकलाच नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःची फडफड ऐकली होती. तरी आले, मला धीर यावा म्हणून. दिवसभर हवेत हात फिरवत बसले. आणि मी त्यांना सांगितलं, चौथ्या खुर्चीवर तुम्हीच की!

खोटा चौथा पुसला. काकांचं म्यूट काढलं. तसंच पाठवतोय.