घाण्यासमोरचं स्टूल

आई, तुला गाडीतलं काही कळत नव्हतं. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे गाडी नव्हतीच. तरी इंजिनाच्या तेलाचा घोळ सुरू झाल्यापासून मला तूच आठवते आहेस. अण्णा आता गावी राधानगरीकडे राहतात, आणि दर पंधरवड्याला मी त्यांना कोल्हापुरात डॉक्टरांकडे आणते आणि परत सोडते. मागच्या खेपेला परतताना गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला. दोन्ही बाजूंना झाडी, वर पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आणि मागच्या सीटवर अण्णा. "काय झालं गं?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, काच पुसते." बाहेर उतरून तेल मोजायची दांडी काढून बघितली तर टोकालाही तेल लागलेलं नव्हतं. त्या दिवशी कसंबसं निभावलं. रस्त्यावरच्या एका दुकानात मिळेल ते तेल ओतलं आणि अण्णांना घरी पोचवलं. पण तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की मला तो दिवा दिसतो, लागलेला नसला तरी.

तुला माहीत आहे, माझा स्वभाव तुझाच आहे. नोकरीही तशीच मिळाली. शाहूपुरीतल्या विम्याच्या कचेरीत लोकांनी दिलेली बिलं खरी की खोटी हे बघायचं, दिवसभर. त्यामुळे गॅरेजवाल्यांशी माझं फार दिवस जमत नाही. एकानं न बदललेला फिल्टर बदलला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं फसवलं नसावंही, पण मला तसं वाटलं आणि ते पुरेसं झालं. शेवटी मी आपल्या जुन्या गल्लीत गेले. आपण जिथं तेल काढायला जायचो तो घाणा आता बंद आहे. त्याच शेडमध्ये घाणेवाल्या काकांच्या मुलानं गॅरेज टाकलंय. पन्नाशीचा असेल. मी कोण हे मी सांगितलं नाही.

त्यानं दांडी पुसली, परत घातली, परत काढली. "ताई, गाडी तेल खातीय तुमची. पातळ तेल घालून चालायचं न्हाय आता. जरा जाड घालूया, फाइव्ह थर्टी."

"पुस्तकात झिरो ट्वेंटी लिहिलंय."

"पुस्तक नव्या गाडीचं हाय. गाडी नवी ऱ्हायलीय व्हय?"

"पण दोन्ही सिंथेटिकच ना?"

"दोन्ही सिंथेटिकच की. मी काय करडीचं घालतो म्हणालो का?"

कोपऱ्यात सुट्या तेलाचं एक पिंप होतं. मी त्याच्याकडे बघितलेलं त्यानं बघितलं. म्हणाला, "माझ्यावर इस्वास नसंल तर डबा तुम्ही आणा." हे तो इतक्या चटकन म्हणाला की मला त्याचाही संशय आला.

घरी येऊन मी सगळं वाचून काढलं. पहिला आकडा, म्हणजे झिरो किंवा फाइव्ह, हा गार इंजिनात तेल किती लवकर वाहतं ते सांगतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्यानं फार बिघडत नाही. भांडण दुसऱ्याचं. पुस्तकात झिरो ट्वेंटी ठळक छापलेलं, आणि खाली बारीक अक्षरात फाइव्ह थर्टीही चालेल असं. मग ठळक का नाही छापलं? आणि जाड तेल तर पातळ तेलापेक्षा स्वस्त. महाग सुचवलं असतं तर त्याचा फायदा कळला असता. स्वस्त सुचवण्यात त्याला काय मिळतं? शाहूपुरीतल्या दुकानदाराला मी विचारलं, हा डबा कंपनीचाच कशावरून. त्यानं झाकणावरचं स्टिकर दाखवलं. मी म्हटलं, स्टिकरही छापता येतं. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही इन्कम टॅक्समधनं आलाय का?" शेवटी फाइव्ह थर्टीचाच डबा घेतला. पटलं म्हणून नव्हे. पुढच्या खेपेआधी काहीतरी घालायलाच हवं होतं म्हणून.

त्या रात्री जेवताना बोटावर शेंगतेल घेतलं आणि नकळत अंगठ्यावर चोळून नाकाला लावलं. तुझीच सवय. तुझ्या माहेराहून शेंगा यायच्या, त्या फोडून तू पोतं रिक्षात घालून घाण्यावर न्यायचीस, मला बरोबर घेऊन. बाकीच्या बायका शेंगदाणे टाकून बाजाराला जायच्या. तू स्टूल मागून घ्यायचीस आणि घाण्यासमोर बसायचीस, तेल पडून संपेपर्यंत. आपलेच दाणे, आपलंच तेल, आणि पेंडसुद्धा आपलीच. मी बाहेरच्या पायरीवर सागरगोटे खेळते आहे. लाज वाटून मी आत डोकावते, "आई, चल की, लोक बघतायत." तू वळूनही न बघता म्हणतेस, "लोक बघूदेत. मला तेल बघायचंय. तुला कुणी फसवलं तर चालंल, मला न्हाई चालणार." घरी आलं की किटली ओट्यावर ठेवायचीस आणि आजीनं विचारायच्या आत सांगायचीस, "माझ्या डोळ्यांदेखत काढलंय."

एकदाच तेल कमी निघालं. तू सगळ्यांसमोर घाणेवाल्या काकांना म्हणालीस, दाणे बदलले. मी पायरीवरून उठून आत आले. काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही समोरच बसला होता की." आणि तू, जी कुणाचं ऐकून घेत नव्हतीस, एकदम गप्प झालीस. किटली उचललीस आणि निघालीस. घरी तेच सांगितलंस, डोळ्यांदेखत. तू तेव्हा का गप्प बसलीस हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

काल सुट्टी होती. सील न फोडलेला डबा घेऊन मी गॅरेजवर गेले आणि म्हटलं, माझ्यासमोरच घालायचं, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडायचं, म्हणजे कुणी परत भरून विकायला नको. तो हसला. आतून एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. "बसा. तुमच्या आईपण ह्याच्यावरच बसायच्या."

म्हणजे त्यानं मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मग गप्प का राहिला?

"बसायच्या आणि झोपायच्या," तो गाडीखालून म्हणाला. "घाणा सुरू झाला की मान खाली. आमचे वडील म्हणायचे, कुणी उठवू नका रे त्यांना, घरात पडायला मिळत नसंल. तेल निघालं की भांडं वाजवायचे मुद्दाम, म्हणजे आपोआप जाग्या व्हायच्या."

मला रागच आला. हे खरं, की माझा पहारा ढिला करायला आत्ता जुळवलेलं? माणूस मेलं की त्याच्याबद्दल काहीही सांगता येतं, हे मी कचेरीत रोज बघते. स्टुलावरही कुणाचं नाव नसतं. पण काकांचं ते वाक्य आठवलं, आणि तुझं गप्प होणं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी तू, दुपारीसुद्धा घरात आडवी झालेली मी तुला कधी पाहिली नाही. आई, तू झोपायचीस का? मला एवढंच विचारायचं आहे.

जुनं तेल बारीक धारेनं पडत होतं. "शेवटपर्यंत निथळू दे," तो म्हणाला, "घाई करायची न्हाय." मी डबा पायाशी धरून बसले, डोळे धारेवर. शेडमध्ये ऊब होती. धार बारीक झाली, मग थेंब.

मग भांडं वाजलं. डोळे उघडले तेव्हा बॉनेट लावलेलं होतं, रिकामा डबा माझ्या पायाशीच होता आणि त्याला स्क्रूड्रायव्हरनं पाडलेलं भोक. दांडीवर तेल सोनेरी, बरोबर वरच्या खुणेपर्यंत. मी ते बोटावर चोळून वास घेतला. त्यातून काय कळणार?

"बघितलं न्हवं, ताई?" हात पुसत त्यानं विचारलं.

"बघितलं," मी म्हटलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला, गाडीचं काम नीट झालं का म्हणून. त्या दिव्याबद्दल त्यांना कळलंच होतं तर! मी सांगितलं, माझ्या डोळ्यांदेखत घातलंय. ते म्हणाले, "बरं." परवा त्यांना आणायला जायचं आहे. दांडी मी आज दोनदा बघितली, उद्याही बघेन. हे कागद कपाटात खाली ठेवते, अण्णांच्या हाती पडायला नकोत. आणि खरं सांगायचं तर, आई, इतकी गाढ झोप मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.