तांदळातलं नाव

धावडा, सोमवार

प्रिय श्रद्धा,

पोरी, तू पाठवलेला त्या जनावराचा फोटो पाहून तुझी आजी खुळी झाली बघ. ओलिंगीतो! नाव पाठ करायला दोन दिवस लागले, आता देवाच्या नावाआधी तेच तोंडात येतंय. मांजराएवढा जीव, अस्वलाच्या पिल्लासारखं तोंड, अन् डोळे असे की जसं आत्ताच कुणी रागावलंय. शेजारचा कडूबा म्हणला, काकू, हे तर आपलं उदमांजर. म्हणलं, तुझ्या उदमांजराला ढगातल्या झाडावर बसून उंबरं खाता येतात का? गप चहा पी.

तू फोनवर सांगितलेली गोष्ट मी साऱ्या गल्लीला सांगून टाकली. याची कातडी किती वर्षं संग्रहालयाच्या खणात पडून होती अन् वर चिठ्ठी भलत्याच भावकीची! अन् याच्याच जातीची ती मादी, अमेरिकेत एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात फिरवली, नर दाखवले, पण तिचं काही कुणाशी जमेना. लई नखरेल म्हणले असतील तिला. निघालं काय, तर ती त्यांच्यातली नव्हतीच. चूक माणसाची अन् खोड तिला लावली.

इकडं सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी चालू हाय. गुरुवारी तुझी होणारी सासू मंठ्याहून येऊन गेली. बाई मनानं चांगली हाय, पोह्यात शेंगदाणे कमी पडले तरी बोलली न्हाई. पण चहा पिता पिता म्हणली, लग्नात तांदळाच्या ताटात ऋषीनं अंगठीनं ‘ऋतुजा’ लिहायचं, ऋषीला शोभून दिसतं. तुझा बाप मान डोलावून मोकळा. वर मला म्हणतो, आई, एवढ्याशावरून सोयरीक मोडायची का? मंग तुझा फोन आला. तू रडलीस, आजी, तू तरी बोल म्हणलीस. मी बोलले न्हाई. का, ते आता लिहिते.

तुझी आई या घरात आली तेव्हा मीना होती. मला एका मुलीची लई हौस. झाली तर तिचं नाव ‘प्रेमला’ ठेवायचं, हे पक्कं. झाले तीन पोरं. मंग ते राहिलेलं नाव मी सुनेला देऊन टाकलं. तांदळाचं ताट मीच धरलं होतं. वाटलं, केवढी माया करून राह्यले मी! तिला विचारायचं डोक्यातबी आलं न्हाई. पहिल्या वर्षी हाक मारली की ती वळायचीच न्हाई. मी गल्लीभर सांगायचे, सून मिजासखोर हाय, ऐकून न ऐकल्यावाणी करते. श्रद्धा, आपल्याला हाक मारून राह्यले, हेच त्या लेकराला कळत नसंल.

काल मी मंठ्याला फोन लावला. म्हणलं, विहीणबाई, ताटात लिहायचंच तर श्रद्धा लिहा. त्या म्हणल्या, आमच्यात रीत हाय. म्हणलं, आमच्यातबी होती, मीच केली, अजून झोंबते. मंग म्हणल्या, ऋषीला विचारते. संध्याकाळी ऋषीचाच फोन. म्हणला, आजी, ही ऋतुजा कोण, मी तर तिला ओळखतबी न्हाई! लई हसले. जावई बराबर निवडलास.

मी फोनवर बोलत होते तेव्हा तुझी आई समोर मेथी निवडत होती. सारं ऐकलं. निवडलेली काडी तिनं पुन्हा जुडीतच टाकली. तीस वर्षं झाली, तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत न्हाई. हे पत्र मोबाईलवर फोटो काढून तुला धाडायचं काम तिचंच, अन् धाडायच्या आधी ती वाचणार, हे मला ठाऊक हाय. खरं सांगू, म्हणूनच लिहायला बसले. मीना, माझं चुकलं. फोटो नीट काढ माय, ही ओळ कापू नको.

तुझीच,
आजी