आईचा कचऱ्याचा डबा

दादा,

कॉम्प्युटर चालूच राहू दे आणि त्याला अजिबात हात लावू नकोस. गाणी उतरवायची नाहीत, मेलही बघायचा नाही. काल मशीन रखडतंय म्हणून तू स्क्रीनवरचा कचऱ्याचा डबा रिकामा केलास. आईची सगळी रेकॉर्डिंग त्यातच होती. कचऱ्यात कोणी हात घालत नाही, म्हणून ती जपायच्या वस्तू तिथेच ठेवायची. घराची जादा किल्लीसुद्धा खऱ्या कचऱ्याच्या डब्याखालीच असायची, आठवतंय ना?

पुसलेल्या फायली लगेच जातातच असं नाही. पण त्यांच्या जागेवर नवीन काही साठवलं, की मग कायमच्या गेल्या. पुसलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हवरून लावलंय. सापडलेलं त्याच मशीनवर ठेवायचं नसतं, म्हणून वेगळी डिस्क आणायला चाललेय. आज ते परत मिळवल्याशिवाय मी थांबणार नाही.

तू तोंड पाडून बसू नकोस. डब्यात काय आहे हे तिने तुला कुठे सांगितलं होतं?

मी परत यायच्या आधी शोध संपला, तर काही उघडू नकोस. ती गेल्यानंतर आपण तिचा आवाज ऐकलेलाच नाही. मलाही तो एकटीला ऐकवणार नाही.

धाकटी